शेजारप्रीती (ख्रिस्ती नीतिविचार)

शेजारप्रीती : ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत आज्ञा. माणूस स्वतःला जितका जपतो तितकेच त्याने शेजाऱ्याला जपावे, असा तिचा आशय. ती प्रथम येते जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात (१९.१८). येशूने तिला देवावरील प्रीतीच्या आज्ञेची जोड दिली आणि सगळे नियमशास्त्र या दोहोंवर अवलंबून असल्याचे सांगितले (मत्तय २२). आज्ञा ऐकायला सोपी आहे. दोन हजार वर्षे वाद चालला तो शेजारी कोणाला म्हणायचे, आणि ज्याचे वागणे आपल्याला पाप वाटते त्याच्यावर प्रीती करायची म्हणजे नेमके काय करायचे, यावर. दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक दडलेला आहे : ती नापसंती खरोखर नीतीतून आलेली, की जुन्या पूर्वग्रहाला दिलेले सोज्वळ नाव?

मराठी बायबलाने ‘शेजारी’ हा शब्द घेतला, तो एका परीने अडचणीचा आहे. मूळ हिब्रू ‘रेआ’ म्हणजे सोबती, आपल्यातला माणूस. ग्रीक ‘प्लेसिओन’ म्हणजे जवळचा. घराला घर लागून असण्याची अट दोन्हींत नाही. मराठी गावात आळ्या जातवार असत, त्यामुळे शेजारी बहुधा आपल्याच जातीचा निघे आणि ज्याला परका मानले तो गावकुसाबाहेर राही. मूळ वचनातही हीच मेख होती. तेथे शेजाऱ्याबरोबर स्वतःच्या लोकांचा उल्लेख असल्याने शेजारी म्हणजे इस्राएली बांधव, एवढाच अर्थ लावता येई. पण त्याच अध्यायात पुढे (१९.३४) देशात येऊन राहिलेल्या उपऱ्यालाही तीच प्रीती लागू केली आहे. इस्राएली स्वतः मिसर देशात उपरे होते, हे त्याचे कारण.

चांगला शोमरोनी : लूकच्या शुभवर्तमानातील (१०.२५–३७) हा दृष्टांत नेमक्या याच मेखेवर बोट ठेवतो. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी वाट सुमारे २७ किलोमीटरची, ओसाड डोंगरांतून हजारेक मीटर खाली उतरणारी. तिच्यावर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून जातात. थांबतो तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी दोघेही मोशेचे नियमशास्त्र मानणारे. पण एकाचे मंदिर यरुशलेमेत, दुसऱ्याचे पवित्र स्थान गरिज्जीम डोंगरावर; आणि इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहान हिर्कानस या यहुदी राज्यकर्त्याने गरिज्जीमवरील मंदिर पाडलेले. वैर असे सख्ख्या भाऊबंदांतले होते, म्हणूनच कडवे. योहानच्या शुभवर्तमानात (४.९) येशू एका शोमरोनी बाईकडे विहिरीवर पाणी मागतो तेव्हा ती चकित होते. तेथील एका ग्रीक क्रियापदाचा अर्थ काही अभ्यासक ‘एकमेकांची भांडी न वापरणे’ असा लावतात. पाणवठा आणि भांड्याचा विटाळ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दृष्टांताची खरी कलाटणी शेवटी आहे. एका शास्त्र्याने येशूला विचारले होते, माझा शेजारी कोण. येशूने प्रश्न उलटा केला : त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर देतो, पण ‘शोमरोनी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणतो. पुढे सरेन किर्केगॉर या डॅनिश विचारवंताने ‘प्रीतीची कृत्ये’ (१८४७) या ग्रंथात हा धागा टोकाला नेला. आवडीच्या माणसावरचे प्रेम निवड करते. शेजारप्रीतीला निवडीचा अधिकारच नाही, असे त्याचे म्हणणे.

प्रीती आणि कानउघाडणी : शेजारप्रीती म्हणजे सगळे चालवून घेणे, असे शास्त्र म्हणत नाही. प्रीतीच्या वचनाच्या लगेच आधीचे वचन (लेवीय १९.१७) बांधवाचा मनात द्वेष धरू नये आणि त्याला त्याची चूक अवश्य सांगावी, असे बजावते. चूक सांगणे हे येथे मनातल्या द्वेषावरचे औषध आहे. मत्तय १८ मध्ये त्याची रीतही ठरवून दिली आहे : आधी एकांतात सांगावे, मग एकदोघांना सोबत घेऊन, आणि शेवटी मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर. याच मत्तयाच्या शुभवर्तमानात (७.१–५) दोष काढणाऱ्याला आरसाही दाखवला आहे, मराठी बायबलात तेथे कुसळ आणि मुसळ आले आहे.

‘पापाचा द्वेष करा, पाप्याचा नव्हे’ हे सूत्र आज बायबलातले म्हणून सर्रास सांगितले जाते. बायबलात ते नाही. त्याचा उगम सामान्यतः हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) याच्या २११ व्या पत्रात दाखवतात. हे पत्र एका मठातील संन्यासिनींना लिहिलेले आहे. एखादीची नजर वाकडी जाताना दिसली तर तिला आधी खासगीत सांगावे, ऐकले नाही तर इतरांना कळवावे, शिक्षा झालीच तर माणसाविषयी माया आणि दोषाविषयी तिटकारा ठेवून व्हावी, असा तो उपदेश. म्हणजे सूत्र जन्मले ते एका छपराखाली राहणाऱ्या, एकाच पंगतीला जेवणाऱ्या माणसांसाठी. सांगणारीवर उद्या ऐकून घेण्याची पाळी येणार होती. ज्यांच्याशी कधी बोलणेही झाले नाही अशा अख्ख्या समूहाला ते लावले, की त्यातली माया तोंडी लावण्यापुरती उरते आणि तिटकारा तेवढा शिल्लक राहतो. प्रेषित पौलाने तर मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे हे आपले कामच नव्हे, असे स्पष्ट लिहिले आहे (१ करिंथ ५). त्या अध्यायाचा हा भाग कमी वाचला जातो.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थेओलॉजिए’त बंधुभावाने केलेली कानउघाडणी हे प्रीतीचेच कृत्य मानले. त्यात दोन व्यावहारिक मुद्दे आहेत. कनिष्ठही वरिष्ठाला चूक दाखवू शकतो, फक्त मान राखून. आणि सांगण्याने माणूस सुधारण्याऐवजी अधिक बिघडेल अशी चिन्हे असतील तर गप्प राहावे.

व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट (योहान ८) या वादात दोन्ही बाजू वापरतात : एक बाजू, येशूने तिला दोषी ठरवले नाही म्हणून, दुसरी, यापुढे पाप करू नको असे बजावले म्हणून. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ही गोष्ट आढळत नाही. बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी ती गाळली असावी, अशी शंका ऑगस्टिननेच बोलून दाखवली होती. तिच्याबरोबरच्या पुरुषाचे काय झाले, हे मात्र कथेत नाही.

पूर्वग्रह : नव्या करारात पूर्वग्रहाला सर्वांत जवळचा शब्द पक्षपाताचा आहे, ग्रीक शब्दाचा आशय ‘तोंड पाहणे’. याकोबाच्या पत्रात (अध्याय २) सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायांशी, हे शेजारप्रीतीचे उल्लंघन म्हणून दाखवले आहे. यहुदी नसलेल्या कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात पाऊल टाकताना प्रेषित पेत्राला स्वतःचाच संकोच मोडावा लागला (प्रेषितांची कृत्ये १०).

इतिहासात मात्र ख्रिस्ती मंडळ्यांनी पुष्कळदा तोंड पाहिले. मार्टिन ल्यूथरने १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध लिहिलेली पुस्तिका इतकी विखारी होती की नाझींना ती आयती सापडली. यहुद्यांना सामूहिकपणे येशूच्या मृत्यूचे दोषी धरणे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे नाकारले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ मध्ये गुलामांचे मालक मिशनरी होऊ शकतात की नाही या भांडणातून वेगळे झाले. गुलामगिरीला पाठिंबा दिल्याबद्दल त्याने माफी मागितली ती दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये.

भारतात प्रश्न जातीच्या रूपाने आला. मदुराईत रॉबर्ट दि नोबिली या जेझुइट मिशनऱ्याने सतराव्या शतकात ब्राह्मण धर्मांतरितांना जानवे आणि शेंडी ठेवू दिली; पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये त्याला काही अटींवर मान्यता दिली. पुढे वरच्या आणि खालच्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू नेमले गेले. तमिळनाडूत वडक्कनकुळम येथे तर जाती वेगळ्या बसाव्यात म्हणून चर्चच दोन दालनांचे बांधले गेले. प्रॉटेस्टंटांत कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळीतील जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडण्याचा हुकूम काढला; दक्षिणेत त्यावरून पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. भारतीय कॅथलिक बिशपांनी दलितविषयक धोरण प्रसिद्ध करून चर्चमधील अस्पृश्यतेची उघड कबुली दिली, ती २०१६ मध्ये. मराठीत या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक लेखन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही लक्ष्मीबाई वेगळ्या राहून सोवळे पाळत होत्या. ते कसे सुटत गेले हे त्यांनी स्वतःवर हसत सांगितले आहे. उपदेशाचा सूर कोठेही नाही.

मानसशास्त्राची साक्ष : गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘पूर्वग्रहाचे स्वरूप’ (१९५४) या ग्रंथात धर्म पूर्वग्रह घडवतोही आणि मोडतोही, असे नोंदवले. १९६७ मध्ये मायकेल रॉस यांच्याबरोबर त्यांनी दाखवले की प्रतिष्ठेसाठी किंवा आधारासाठी धर्म वापरणाऱ्यांत पूर्वग्रह अधिक, तर धर्मच ज्यांचे जगणे आहे त्यांच्यात कमी. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत केलेला प्रयोग (१९७३) अधिक बोचरा आहे. ४० विद्यार्थ्यांना एकेक करून दुसऱ्या इमारतीत छोटे भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस कण्हत बसवलेला. काहींचा विषय चांगला शोमरोनी हाच होता, पण त्याने विशेष फरक पडला नाही. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्के.

समकालीन वाद : आज हा प्रश्न सर्वाधिक पेटतो तो समलैंगिकतेवरून. कॅथलिक चर्चची प्रश्नोत्तरी (१९९२) समलैंगिक संबंध अनैतिक मानते, आणि त्या व्यक्तींशी आदराने, कणवेने वागावे, अन्याय्य भेदभाव टाळावा, असेही सांगते. ‘अन्याय्य’ या विशेषणावरच टीकाकारांचे बोट आहे : भेदभाव न्याय्यही असू शकतो काय? डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलैंगिक जोडप्यांना विधीविना साधा आशीर्वाद देण्यास मुभा दिली. पुढच्याच महिन्यात आफ्रिकेतील बिशपांनी आपल्याकडे ते होणार नाही असे कळवले. पारंपरिक मत मानणाऱ्यांचा आक्षेप असा की प्रत्येक नैतिक नापसंतीला पूर्वग्रह म्हटले तर नीतीविषयी बोलणेच संपेल. आक्षेप पोकळ नाही. पण हीच ढाल वर्णभेदाच्या समर्थकांनीही वापरली होती.

दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये काहींच्या ‘दुर्बलते’ला मान देऊन गौरेतरांसाठी वेगळ्या उपासनेला परवानगी दिली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळे मिशन चर्चच निघाले, आणि सवलतीचा सिद्धांत झाला. त्या मिशन चर्चने १९८२ मध्ये बेल्हार येथे वर्णभेदाविरुद्ध श्रद्धेचा कबुलीजबाब मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. १९८२ मध्येच ओटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड संघाने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले. त्याच बैठकीत मिशन चर्चचे ॲलन बुसाक संघाचे अध्यक्ष निवडून आले. २००८ मध्ये बुसाक यांनी आपल्या मंडळीच्या महासभेत मांडले, की बेल्हारचेच तत्त्व समलैंगिक सभासदांनाही लागू होते आणि त्यांना पाळकपद नाकारता येणार नाही. सभेने ते मानले नाही. बुसाक यांनी मंडळीतील सर्व पदे सोडली.