गोटा रोज उचलायचा नसतो

बदलापूरच्या व्यायामशाळेत जाणारी आमची मुले एकमेकांना एकच विचारतात, “जास्तीत जास्त किती?” जुन्या तालमीत जोर-बैठका रोज असत; देवळापुढचा दगडी गोटा मात्र अधूनमधून, चारचौघांसमक्ष. मेहनत निराळी, परीक्षा निराळी. १९४५ साली शिकागोच्या लष्करी इस्पितळातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी हाच भेद आकड्यांत मांडला. जखमी सैनिकांच्या व्यायामाचे माप म्हणजे जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन. एकदाच उचलता येणारे कमाल वजन आठवड्यातून एकदा तपासायचे. १९४८ मध्ये त्यांनी आणि वॉटकिन्स यांनी व्यायाम तीनच फेऱ्यांवर आणला: त्या वजनाच्या निम्मे, पाऊण, मग पूर्ण. शिक्षकांना कमाल वजन न उचलवताही अंदाज बांधता येतो. दहा वेळा पेलणारे वजन कमालीच्या साधारण पाऊणपट भरते.