देलाँ, शार्ल
सतराव्या शतकातील फ्रेंच वैद्य व प्रवासी. पोर्तुगीज अंमलातील (१५३४–१७३९) वसईच्या तुरुंगाचा उल्लेख त्याच्या ग्रंथात येतो. दमण येथे वैद्यकी करीत असता बाप्तिस्मा, मूर्तिपूजा इ. विषयांवर तो मोकळेपणाने बोलला. त्यावरून १६७३ मध्ये इन्क्विझिशनने त्यास अटक केली. तथापि दमणच्या गव्हर्नराचा एका स्त्रीवरून जडलेला मत्सर हेच खरे कारण, असे त्याचे म्हणणे. जानेवारी १६७४ मध्ये गोव्यास नेताना त्यास वसईच्या तुरुंगात ठेवण्यात आले. हा भाग त्रोटक आहे. गोव्यातील कोठडीचे वर्णन मात्र तपशीलवार असून एकांतवासात आत्महत्येचे केलेले प्रयत्नही तो लपवीत नाही. १६७६ मध्ये त्यास पाच वर्षे गॅलींवरील सक्तमजुरीची शिक्षा झाली; १६७७ मध्ये लिस्बन येथे सुटका झाली. गुप्ततेची शपथ घ्यावी लागल्याने तो दीर्घकाळ मौन पाळून होता. अखेर १६८७ मध्ये रिलास्याँ द लँकिझिस्याँ द गोआ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील कथन एका दुखावलेल्या माणसाचे आहे, हे खरे. परंतु १८१२ मध्ये हे न्यायालय बंद झाल्यावर त्याचे बहुतेक दप्तर नष्ट झाले. त्यामुळेच अ. का. प्रियोळकरांनी गोवा इन्क्विझिशनवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९६१) देलाँच्या वृत्तान्तास स्थान दिले.