टकऱ्याचा जयपाल

१९२८ साली ॲम्स्टरडॅमला हिंदुस्थानने ऑलिंपिकमधले हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळविले. सामने ५, गोल २९, आणि आपल्यावर एकही नाही! त्यांतले १४ एकट्या ध्यानचंदांचे. परंतु त्या संघाचा कर्णधार कोण, असे मी वर्गात विचारतो तेव्हा एखादाच हात वर होतो, आणि पुष्कळदा तोही ध्यानचंदांचेच नाव सांगण्यासाठी.

कर्णधार होते जयपालसिंग मुंडा. रांचीच्या दक्षिणेला खुंटीकडे टकरा नावाचे गाव आहे. तिथल्या मुंडा आदिवासी कुटुंबात १९०३ साली त्यांचा जन्म झाला. लहानपण गुरांमागे गेले. पुढे हा मुलगा रांचीच्या सेंट पॉल शाळेत आला आणि त्याच्या हाती हॉकीची काठी पडली. तिथले मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह हे इंग्रज मिशनरी. मुलाचे पाय चपळ आहेत हे कुणालाही दिसले असते. डोकेही तितकेच चपळ आहे, हे या गृहस्थांनी हेरले. १९१८ साली त्यांनी त्याला आपल्याबरोबर विलायतेला नेले.

तेथून तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोहोचला. अर्थशास्त्राचा अभ्यास आणि हॉकी, दोन्ही जोडीने चालली. विद्यापीठाच्या संघातून खेळून हॉकीतला 'ब्लू' हा मान त्याने पटकावला. मग तो आय. सी. एस.साठीही निवडला गेला. गुराख्याचा पोर कलेक्टर होणार! त्या काळी यापलीकडे भाग्य ते कुठले?

आणि याच वेळी संघाचे बोलावणे आले.

हा संघ १० मार्च १९२८ रोजी आपल्या मुंबईहून 'कैसर-इ-हिंद' बोटीने निघाला. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाने त्याला हरविलेही होते. निरोपाला धक्क्यावर माणसे किती? अवघी ३! पदक घेऊन तेच खेळाडू परतले तेव्हा मात्र धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जयपालसिंग विलायतेत संघाला मिळाले. त्यासाठी लागणारी रजा त्यांना मिळालेली नव्हती. तरी ते गेले. अंतिम सामन्याच्या दिवशी, २६ मे रोजी, ते मैदानावर नव्हते. पण त्या मोहिमेचे कर्णधार म्हणून इतिहासाने त्यांचेच नाव लिहून ठेवले आहे. परत आल्यावर हुकूम झाला, की उमेदवारीचे आणखी एक वर्ष काढावे लागेल. त्यांनी आय. सी. एस.वरच पाणी सोडले.

वाचकहो, मला या कथेतले हे स्थळ फार मोलाचे वाटते. कुणी हात धरून वर आणलेल्या मुलाने जन्मभर मान खाली घालूनच वागावे, अशी आपली एक छुपी अपेक्षा असते. जयपालसिंगांना मिळालेल्या शिक्षणाने त्यांना 'नाही' म्हणण्याचे बळ दिले. उपकारापेक्षा हे निराळे आहे.

पुढे नोकऱ्या झाल्या, आफ्रिकेत गोल्ड कोस्टच्या अचिमोटा कॉलेजात व रायपूरच्या राजकुमार कॉलेजात अध्यापन झाले. मग १९३९ साली ते रांचीस आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. काठी केव्हाच सुटली होती. पण शब्द हाताशी होते. १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत उभे राहून त्यांनी सांगितले, की आपल्याला लोक जंगली म्हणतात, आणि ते नाव सांगताना आपल्याला कमीपणा वाटत नाही. लोकशाही आदिवासींना शिकवायची नसून त्यांच्याकडूनच शिकायची आहे. 'आदिवासी' हाच शब्द राहावा, यासाठीही ते तिथे भांडले. पहिल्या निवडणुकीनंतर त्यांचा झारखंड पक्ष बिहार विधानसभेतला प्रमुख विरोधी पक्ष झाला. १९६३ साली तो काँग्रेसमध्ये विलीन झाला, आणि ते अनेक अनुयायांना रुचले नाही. वेगळे राज्य पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९७० साली ते वारले; झारखंड झाले १५ नोव्हेंबर २००० रोजी.

एकाच मुलाला उचलून दूर नेले, मागे राहिलेल्यांचे काय, असा प्रश्न कुणी विचारील. तो रास्तच आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याला उत्तर दिले: मूल शाळेत येत नसेल तर शाळाच पाड्यावर न्यायची, गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवायची. कोसबाडची टेकडी त्याची साक्ष आहे. आणि नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत? विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक तिला नाशिकलाच भेटले, आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावून तिने कांस्यपदक आणले. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यही.

मी शाळामास्तर आहे. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की पाड्यावरच्या पोरांची आठवण साऱ्यांनाच होते. ढाल येते, छायाचित्र निघते, ढाल कपाटात जाते. दिवाळीनंतर त्यांतली दोन-तीन पोरे हजेरीपटावर नसतात. ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असतात. कॉसग्रेव्हनी गोल मोजले असतीलच, पण त्याबरोबर पोराचे पुस्तकही उघडून पाहिले. ढाल आणणाऱ्या पोराचे गणित कुठे अडले आहे, त्याच्या घरी दिवा आहे का, हे विचारायला काही विलायतेला जावे लागत नाही. दिवाळीची सुटी संपेल तेव्हा ते पोर परत वर्गात येते की नाही, एवढे तरी आपण पाहू या.