नेवासे, शके 1212

इ. स. 1290. देवगिरीवर रामदेवराव यादवांचं राज्य आहे आणि तुम्ही नेवाशात, प्रवरेकाठच्या करवीरेश्वराच्या देवळात शिरताय. परंपरा सांगते तसंच दिसतंय सगळं: विशीही न गाठलेले ज्ञानदेव दगडी खांबाला टेकून बसलेत, जवळ निवृत्तिनाथ, आणि सच्चिदानंदबाबांची लेखणी धावतेय.

दाटीत जागा करून घ्या. गीतेच्या तेराव्या अध्यायावरचं निरूपण चाललंय. गीता 'अहिंसा' एवढा एक शब्द उच्चारून पुढे गेली; ज्ञानदेव मात्र त्यावर शंभराहून जास्त ओव्या थांबलेत. व्याख्या मिळत नाही तुम्हाला. दिसते ती चालण्याची रीत: मांजरी पिलाला तोंडात धरते तेव्हा तिचे दात त्याला जसे लागतात, तसं ज्याचं पाऊल भुईवर पडतं.

आता कान ओवीकडे द्या. तीन चरण यमकानं एकमेकांना धरून येतात, चौथा आखूड, मोकळा. अक्षरं मोजून बांधलेली नाहीत. गीतेतल्या अनुष्टुभाला 32 अक्षरांत विचार मिटवावा लागतो. इथे तो हवा तेवढा पसरतो आणि चौथ्या चरणाशी तुमच्यासाठी थांबतो. तेवढ्यात तुमची मान डोलते.

शेजारच्या बाईला हा घाट परका नाही. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हे चालुक्य राजा सोमेश्वरानं 1129 च्या 'मानसोल्लासा'त नोंदवलंय. तिच्या मुसळाच्या लयीत आज क्षेत्र-क्षेत्रज्ञांचा, म्हणजे देह आणि त्याला जाणणारा यांचा, विचार आलाय.

सतराशेहून अधिक वर्षांपूर्वी, दक्षिण इटलीतल्या एलिया या ग्रीक नगरात, पार्मेनिडीसनंही 'आहे ते एकच' हे होमरच्या वृत्तात मांडलं. ग्रीकांच्या कानात तेच मुरलेलं होतं. पण त्याच्या काव्यातला तरुण रथात बसून देवीकडे जातो, माणसांच्या वाटेपासून लांब. पुढे ॲरिस्टॉटल म्हणाला, होमर आणि तत्त्वज्ञान पद्यात मांडणारा एम्पेडोक्लीस यांच्यात वृत्ताखेरीज काहीच समान नाही. दुसऱ्याला कवी न म्हणता निसर्गाचा अभ्यासक म्हणावं. वृत्त म्हणजे जणू वरचं वस्त्र.

इथे बसून ते मला मुळीच पटत नाही. ओवी काढून घ्या, अहिंसेचा सिद्धान्त उरेल. पण ऐकणाऱ्याला कुठेही न बोचता, त्याच्याच घरच्या लयीत उतरणारी ती अहिंसा उरणार नाही. ज्ञानदेव जे सांगताहेत, तेच ते सांगताना पाळताहेत.

सरकून बसा, मागून आणखी माणसं येताहेत. पुढचा शब्द 'क्षान्ती' आहे.