मंगळावरील खनिजांचा नकाशा

जुन्नर तालुक्यातील आणे पठार ज्या काळ्या बेसाल्ट खडकाचे बनलेले आहे, त्याच जातीच्या खडकाने मंगळाचा बराचसा पृष्ठभाग व्यापला आहे. बेसाल्टचा पाण्याशी दीर्घकाळ संपर्क आल्यास त्यापासून चिकणमातीची खनिजे तयार होतात. म्हणूनच मंगळावरील अशी खनिजे तेथील प्राचीन पाण्याचा पुरावा मानली जातात.

ही खनिजे कक्षेतूनही ओळखता येतात. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातील ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश शोषून घेते. पाणी धारण करणाऱ्या खनिजांची खूण १.९ मायक्रॉनच्या आसपास दिसते. २००३ मध्ये मंगळावर पोहोचलेल्या युरोपीय 'मार्स एक्स्प्रेस' यानावरील 'ओमेगा' उपकरणास अतिप्राचीन भूभागांत चिकणमाती, तर त्यानंतरच्या भूभागांत सल्फेटे आढळली. यावरून मंगळ क्रमाने कोरडा होत गेल्याचा निष्कर्ष निघाला. 'नासा'च्या 'मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर'वरील 'क्रिझम' उपकरणाने २००६ पासून अधिक बारकाईचे नकाशे तयार केले. ते २०२३ मध्ये बंद करण्यात आले.

जेझेरो विवरातील चिकणमाती व कार्बोनेटे अशाच निरीक्षणांतून उघड झाली आणि तेथे १८ फेब्रुवारी २०२१ रोजी 'पर्सिव्हरन्स' बग्गी उतरली. मात्र ही खनिजे पाण्याची साक्ष देतात, जीवसृष्टीची नव्हे. त्यासाठी खडकांचे नमुनेच तपासावे लागतात.