कानाची साक्ष

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे गाव तेथील कलचुरीकालीन वराहमूर्तीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी याच परिसरातली. पुढे १८१७ पर्यंत जबलपुरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि त्या निमित्ताने मराठी माणसाचे या प्रदेशाशी नाते जडले. स्वातंत्र्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूरचा कारभार ज्या राजधानीतून चाले, ती नागपूरच होती. १६ जुलै १९४८ रोजी नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषांतील कार्यक्रम या भागातील श्रोत्यांसाठी प्रक्षेपित होऊ लागले.

वीज न पोहोचलेल्या गावात त्या काळी रेडिओ चालत असे तो कोरड्या बॅटरीवर. व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी दीड व्होल्टची एक बॅटरी आणि व्हॉल्व्हच्या पट्टिकेसाठी सुमारे ९० व्होल्टची दुसरी, असा तो खर्चाचा संसार असे. रेडिओ जितका जास्त वेळ लावावा, तितकी बॅटरी लवकर संपे. आवाज किती मिळतो आणि त्यासाठी वीज किती जळते, हा हिशेब ग्रामीण श्रोत्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आज त्याच मझौलीसारख्या गावात एखाद्या हौशी माणसाला काही शे रुपयांत तळहातावर मावणारा ॲम्प्लिफायरचा, म्हणजे ध्वनिविवर्धकाचा, बोर्ड मिळू शकतो. १२ व्होल्टची बॅटरी आणि जुने स्पीकर जोडले की घर गाण्याने भरून जाते. असे दोन निरनिराळे बोर्ड शेजारी शेजारी ठेवले की लगेच प्रश्न उभा राहतो: यांपैकी कोणाचा आवाज चांगला? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या पाठीशी शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाला दोन धारा आहेत. एक यंत्राची, दुसरी कानाची.

यंत्राचा इतिहास १९०६ पासून मांडता येतो. त्या वर्षी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांची निर्वात नळी पुढे आणली आणि तिच्याच सुधारलेल्या रूपांनी दुबळ्या विद्युत्संदेशाला बळ देण्याचा मार्ग खुला केला. मात्र या नळ्यांना भूक फार. ज्या मांडणीत नळी सतत पूर्ण जागी ठेवली जाते, तिला 'ए' वर्ग म्हणतात. तीत घेतलेल्या विजेपैकी फार तर निम्मी, आणि व्यवहारात त्याहूनही कमी, स्पीकरपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णतेत जाते. दोन नळ्यांनी लहरीचा अर्धा अर्धा भाग वाटून घेण्याची जी मांडणी, तो 'बी' वर्ग. त्याची कमाल मर्यादा शेकडा ७८·५. काटकसर साधली, पण दोन अर्धे जुळतात तेथे सांधा राहू लागला आणि तो कानाला खुपू लागला.

या विकृतीवर उपाय सापडला १९२७ साली. बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक हे नावेतून कामावर जात असता त्यांना ऋण प्रतिभरणाची कल्पना सुचली. विवर्धकातून बाहेर पडलेल्या संदेशाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत घ्यावा, म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करते, असे तिचे सार. याच तत्त्वावर डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात एका विवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला. १५ वॉट शक्ती देताना त्याची विकृती एक सहस्रांशाच्या आत होती. या आराखड्याचे खरे महत्त्व असे की तो कोणालाही घरी बांधता येत होता. जगभरच्या हौशी मंडळींनी तो बांधला. उत्तम आवाज ही केवळ मोठ्या कंपनीची मिरास नाही, ही जाणीव त्यातून पसरली.

त्याच १९४७ सालाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. तापवावयाची तार गेली, ९० व्होल्टची बॅटरी गेली, आणि रेडिओ शेताच्या बांधावर जाऊन बसला. तरीही 'ए' आणि 'बी' वर्गांची उधळपट्टी मूळ रूपात राहिलीच. कारण ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असताना तापतो, मग तो नळीचा वारस असो वा नसो.

'डी' वर्गाने नेमके हे अर्धवट उघडे राहणे टाळले. या कल्पनेचा संबंध ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांच्या १९५० च्या दशकातील विचारांशी जोडला जातो. शेतातल्या पाटाचे दार अर्धे उघडून पाण्याची धार कमी करता येते. तसेच ते दार पूर्ण उघडून, लगेच पूर्ण मिटून, पुन्हा उघडून, एकंदर किती वेळ उघडे ठेवले यावरूनही पाण्याचे माप राखता येते. 'डी' वर्ग दुसरी रीत पत्करतो. त्यातील ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लक्ष वेळा उघडतो आणि मिटतो. गाण्याची लहर वर चढली की उघडे राहण्याचा वेळ वाढतो, खाली आली की घटतो. शेवटी एक वेटोळे आणि एक धारित्र मिळून ही धडपड गाळून टाकतात आणि स्पीकरकडे लहर तेवढी जाते. ट्रान्झिस्टर कधीच अर्धवट उघडा नसल्यामुळे तापतो थोडा, आणि बॅटरीतील शेकडा ९० च्या आसपास वीज कामी येते.

कल्पना सुंदर होती, पण साधने तिच्या योग्यतेची नव्हती. १९६४ साली इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 'एक्स-१०' नावाचा असा विवर्धक घरी जोडावयाच्या सुट्या भागांच्या रूपात विक्रीस आणला. त्या वेळचे ट्रान्झिस्टर पुरेशा वेगाने मिटत नसत. जाहिरातीत सांगितलेली १० वॉट शक्ती प्रत्यक्षात उतरली नाही, आणि त्याच्या उघडझापीचा उपद्रव जवळच्या रेडिओला होऊ लागला. पुढे वेगवान मॉस्फेट ट्रान्झिस्टर आले आणि संपूर्ण विवर्धक एका चकतीवर मावू लागला, तेव्हा या कल्पनेचे दिवस पालटले. १९९५ साली कॅलिफोर्नियात 'ट्रायपाथ' ही कंपनी स्थापन करणारे आद्या त्रिपाठी हे भारतीय वंशाचे अभियंते. त्यांच्या कंपनीची 'टीए २०२०' ही चकती १९९८ ची. तिच्याच कुळातील लहान चकती वापरून 'टी-ॲम्प' नावाचा प्लॅस्टिकच्या पेटीतला विवर्धक निघाला. तो पेन्सिलीएवढ्या आठ सेलांवर चाले आणि त्याची किंमत ४० डॉलरांच्या आत होती. २००५ च्या सुमारास हजारो डॉलरांच्या यंत्रांशी त्याची तुलना होऊ लागली आणि रसिकांत मोठा वाद माजला. ट्रायपाथ कंपनी २००७ साली दिवाळखोरीत गेली. पण तिने दाखवलेली वाट बंद झाली नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या 'टीपीए ३११६' सारख्या चकत्यांवर बांधलेले बोर्ड आज बाजारोबाजार आहेत.

येथवर यंत्राची कथा झाली. दुसरी धारा कानाची. ती अधिक उद्बोधक आहे, कारण तीत शहाणी माणसे वारंवार फसलेली दिसतात.

१९१५ ते १९२५ या काळात एडिसन यांच्या कंपनीने अमेरिकेतील नाट्यगृहांत जाहीर परीक्षा घेतल्या. रंगमंचावर गायिका गात असे, शेजारी ग्रामोफोनवर तिचेच गाणे लागे, मध्येच दिवे मालवले जात, आणि गाते आहे ते यंत्र की माणूस हे श्रोत्यांना ओळखता येत नसे. आज त्या तबकड्या ऐकल्या तर असा भ्रम होणे अशक्य वाटते. पण गायिका आपला आवाज यंत्राच्या मर्यादेत आवरून धरीत, आणि श्रोते कौतुकाच्या तयारीनेच आलेले असत. कान ऐकत होता, पण निवाडा अपेक्षेने केला.

१९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की हळू आवाजात कानाला खर्जाचे आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात; आवाज वाढला की ते भरतात. याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. दोन विवर्धक सर्व बाबतीत सारखे असले आणि त्यांतला एक किंचित मोठ्याने वाजत असला, तर तोच अधिक भरदार, अधिक मोकळा वाटतो. मोठेपणाचा फरक कानाला मोठेपणा म्हणून जाणवत नाही. तो गुण म्हणून जाणवतो. तंबोऱ्याची तार श्रुतीभर उतरली तर जो कान अस्वस्थ होतो, तोच कान येथे निःशंकपणे चकतो.

म्हणून १९५० साली बेल प्रयोगशाळेतीलच मन्सन आणि गार्डनर यांनी एक शिस्त घालून दिली: आधी एक नमुना ऐकवावा, मग दुसरा, आणि मग या दोहोंपैकीच एक नाव न सांगता ऐकवून तो कोणता हे विचारावे. हीच रीत १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी विवर्धकांच्या परीक्षेसाठी यंत्रात बसवली. तत्पूर्वी १९७८ साली इंग्लंडमध्ये 'क्वाड' कंपनीच्या तीन विवर्धकांची अशीच पडद्याआडची परीक्षा झाली होती. त्यांतला एक १९५३ चा व्हॉल्व्हचा, दुसरा १९६७ चा आणि तिसरा १९७५ चा ट्रान्झिस्टरचा. परीक्षक जाणते होते. नावे झाकली, आवाज सारखा राखला, तेव्हा त्यांच्या निवाड्यांत योगायोगापलीकडचा फरक आढळला नाही.

यावरून सर्व विवर्धक सारखेच असे मात्र कोणी समजू नये. लहान 'डी' वर्गाच्या बोर्डांत खरे फरक असतात. ते कोठे शोधावेत एवढेच इतिहास सांगतो. पहिला फरक वाढीचा. टीपीए ३११६ ची वाढ २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबेल अशी ठरवता येते. एक बोर्ड २६ वर आणि दुसरा ३२ वर असेल, तर घुंडी सारखीच ठेवूनही दुसऱ्याचे व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपट होते. अशा तुलनेत जिंकणारा बोर्ड चांगला ठरत नाही, फक्त मोठा ठरतो. दुसरा फरक शक्तीच्या बोलीचा. ५० वॉट हा आकडा ४ ओहमच्या स्पीकरला, २१ व्होल्टवर आणि शेकडा १० विकृती मान्य करून काढलेला असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे ९ वॉटही मोठ्या मुश्किलीने मिळतात. तबल्याच्या डग्ग्यावर आवाज फाटत असेल, तर दोष बहुधा बोर्डाचा नसून या हिशेबाचा. तिसरा फरक गाळणीचा. ती ४ ओहमसाठी बेतलेली असून स्पीकर ८ ओहमचा असेल तर वरचे स्वर उचलले जातात, आणि उलट असेल तर दबतात. तंबोऱ्याच्या जवारीत हा फरक पकडता येण्याजोगा असतो.

चौथा फरक रेडिओच्या श्रोत्याशी थेट निगडित आहे. एक्स-१० चा तो जुना उपद्रव पुरता गेलेला नाही. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा. बोर्डाची उघडझाप ४०० किलोहर्ट्झवर चालत असेल, तर तिच्या दुपटी-तिपटी, म्हणजे ८०० आणि १२००, या पट्ट्यातच पडतात. म्हणून चांगल्या चकत्यांत हा वेग बदलण्याची सोय ठेवलेली असते. ज्या घरात दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज ऐकला जातो, तेथे बोर्डाशेजारी रेडिओ लावून पाहणे हीसुद्धा परीक्षाच होय.

घरच्या घरी न्याय्य तुलना करण्यास फार सामग्री लागत नाही. एकाच स्थिर स्वरावर दोन्ही बोर्डांचे स्पीकरवरील व्होल्टेज मीटरने मोजून शेकडा एकाच्या आत जुळवावे. साध्या मीटरला उंच स्वर नीट मोजता येत नाहीत, म्हणून स्वर १०० ते ४०० हर्ट्झमधला घ्यावा. यांतील बहुतेक बोर्डांत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. तेव्हा कोणतीही तार दुसऱ्या बोर्डाच्या तारेशी वा जमिनीशी जोडू नये. अदलाबदल करताना दोन्ही तारा एकदम सुटतील अशी कळ वापरावी. मग ऐकणाऱ्याला पाठमोरे बसवावे, नाणे उडवून बोर्ड निवडावा, आणि दहा वेळा विचारावे. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव शेकडा एकाच्या आसपास आहे. तेव्हा नऊ आली तर फरक खरा मानावा. पाच-सहा आली तर स्वस्त बोर्ड घेऊन उरलेले पैसे स्पीकरवर खर्चावेत, कारण तेथे फरक निश्चित ऐकू येतो.

या लहानशा शिस्तीत सामान्य श्रोत्याचे मोठे हित साठवलेले आहे. बाजार नेहमी सांगत आला की उत्तम आवाज महाग असतो आणि तो ओळखण्यास निराळा कान लागतो. व्हॉल्व्हच्या काळात ज्या घराला बॅटरीच्या खर्चापायी गाणे अर्ध्यावर थांबवावे लागे, त्या घराला आज थोडक्या विजेत आणि थोडक्या पैशात निर्दोष विवर्धन मिळू शकते. त्याला फसवू शकेल अशी एकच गोष्ट उरली आहे, आणि ती म्हणजे परीक्षा न घेता दिलेला स्वतःचाच कौल. कानाची साक्ष मोलाची खरी. पण न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी तिचीही व्हावी. त्या तपासणीत टिकलेला आवाज मझौलीच्या घरातला असो वा मुंबईच्या दिवाणखान्यातला, त्याची योग्यता एकच.