वेगवान चित्रफितींसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर निवडताना

सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम टिपणारे कॅमेरे आता अनेक मोबाइलमध्येच असतात. चित्रण सहज होते. अडचण येते ती संगणकावर संकलन करताना. चित्र अडखळते, आवाज पुढे धावतो आणि महागड्या सॉफ्टवेअरवर केलेला खर्च वाया गेल्याची भावना होते. दोष मात्र बहुधा निवडीच्या वेळी न विचारलेल्या प्रश्नांत असतो.

चित्रपटांचा वेग बोलपटांच्या काळापासून सेकंदाला २४ फ्रेमवर स्थिरावला, तर भारतीय दूरचित्रवाणीने पाल पद्धतीचा २५ फ्रेमचा वेग स्वीकारला. पीटर जॅक्सन यांचा पहिला 'हॉबिट' चित्रपट २०१२ मध्ये ४८ फ्रेममध्ये, तर अँग ली यांचा 'बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक' २०१६ मध्ये १२० फ्रेममध्ये आला. प्रेक्षकांना तो गुळगुळीतपणा फारसा रुचला नाही, हा भाग वेगळा. क्रीडाचित्रणात मात्र त्याचे मोल निर्विवाद आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू २५ फ्रेमच्या चित्रणात एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत सुमारे दीड मीटर पुढे सरकतो; १२० फ्रेममध्ये हेच अंतर ३२ सेंटिमीटरवर येते. गोलंदाजाच्या शैलीतील दोष शोधणाऱ्या प्रशिक्षकाला हा फरक पुरेसा आहे.

'हाय फ्रेम रेटला पाठबळ' या जाहिरातीतील शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. सॉफ्टवेअर अशी फाइल उघडते, ही पहिली. तिची टाइमलाइन त्याच वेगाची ठेवता येते, ही दुसरी. आणि संकलन करतानाच ती एकही फ्रेम न गाळता दाखवते, ही तिसरी व सर्वांत अवघड. केवळ स्लो मोशन हवे असेल, तर पहिली गोष्ट पुरते: १२० फ्रेमची चित्रफीत २५ च्या टाइमलाइनवर प्रत्येक फ्रेम दाखवत चालवली की ती जवळपास पाचपट संथ होते. मूळ वेगातच गुळगुळीत चित्र हवे असेल, तर मात्र उरलेल्या दोन गोष्टी तपासाव्यात.

'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच संकलन करू देते. १२० साठी 'स्टुडिओ' ही सशुल्क आवृत्ती घ्यावी लागते. यूट्यूबसाठी ६० पुरेसे असल्याने बहुतेकांना मोफत आवृत्ती चालावी. मोफत व मुक्त स्रोत असलेल्या 'शॉटकट'मध्ये फ्रेमचा वेग स्वतः ठरवता येतो. कोणतेही सॉफ्टवेअर घेतले, तरी टाइमलाइनचा वेग सुरुवातीलाच ठरवावा. संकलनाच्या मध्यावर तो बदलणे त्रासाचे ठरते.

अडखळण्याचे मुख्य कारण फाइलच्या स्वरूपात असते. एच.२६४ आणि एचईव्हीसी या पद्धतींत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवल्या जात नाहीत, शेजारच्या फ्रेमपेक्षा वेगळे तेवढेच नोंदले जाते. त्यामुळे एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला आणखी काही उलगडाव्या लागतात आणि १२० च्या वेगात प्रत्येकीसाठी जेमतेम आठ मिलिसेकंद मिळतात. त्यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी, अर्थात मूळ चित्रफितीची हलकी प्रत. संकलन प्रतीवर करावे. अंतिम फाइल मूळ चित्रणातूनच तयार होते. 'रिझॉल्व्ह', 'शॉटकट' आणि 'प्रीमियर प्रो' या तिन्हींत ही सोय आहे. मोबाइलवरील चित्रणाचा वेग अनेकदा कमी-जास्त होत असतो. असे चित्रण 'हँडब्रेक'सारख्या मोफत साधनाने आधी स्थिर वेगाचे करून घेतल्यास आवाज व चित्र यांचा मेळ टिकतो.

मॉनिटरकडेही बघायला हवे. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो, सॉफ्टवेअर कितीही सक्षम असो.

सशुल्क आवृत्ती घेण्यापूर्वी आपल्याच कॅमेऱ्यातील मिनिटभराची चित्रफीत आपल्याच संगणकावर चालवून पाहावी. फ्रेम गळत असल्यास 'रिझॉल्व्ह'मध्ये चित्राच्या वरील हिरवा ठिपका लाल होतो.